तूर विकून डाळ विकत आणायची का? घरखर्चाच्या पत्रांना उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त किराण्यावरचीच आहेत. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे, तूर अजून शेतात उभी आणि दुकानदाराची वही मात्र पोळ्यापासून भरत चाललीये, असे दिवस. नावं कोणाचीच छापत नाही, गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे तसंही सगळ्यांना माहीत असतं, त्यात आपण कशाला भर घालायची.

प्रश्न: ताई, आम्ही घरात पाच जण. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, बाकी दिवस मजुरी. किराण्याला महिन्याला अडीच हजारच लावायचे असं दरवेळी ठरवते पण चार हजारावर जातं, आणि कुठं जातं तेच कळत नाही. कंट्रोलचं धान्य मिळतं. गेल्या महिन्याची यादी सोबत पाठवतेय, तुम्हीच सांगा कुठं कमी करू. पोरांच्या तोंडचं तर काढता येत नाही ना.
(एक वाचक, ता. घाटंजी)

उत्तर: पोरांच्या तोंडचं काढायचंच नाही, ते आधीच सांगून टाकते. तुमची यादी नीट वाचली. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो म्हणजे पाच जणांचं 25 किलो धान्य फुकट मिळतं, 2023 पासून त्याला पैसे लागत नाहीत. रोजचं माणशी दीडशे ग्रॅमच्या थोडं वर पडतं, कष्टाच्या घराला एवढ्यात भागत नाही हे खरंच, वरून ज्वारी घ्यावी लागते, पण तुमच्या यादीत ज्वारीवर फार काही गेलेलं नाही. गेलंय ते खाली, जिथं दुकानदारानं बारीक अक्षरात लिहिलंय तिथं. चहापत्ती 10, चहापत्ती 10, शॅम्पू, बिस्किट 5, कुरकुऱ्याची पुडी 5, परत चहापत्ती. रोजचे 20 रुपये धरले तरी महिन्याला 600 होतात, म्हणजे तुमचा जो दीड हजाराचा फरक पडतोय त्यातले 600 तर इथंच सापडले. चहापत्ती महिन्याच्या सुरुवातीला एकदाच आणा, पाव किलो का अर्धा ते घरातल्या चहावर. पोरांना शाळेतून आल्यावर काहीतरी लागतंच, फुटाणे-मुरमुरे बाजाराच्या दिवशी किलोनं आणून डब्यात भरून ठेवा, फल्लीचे दाणे आणि गुळाचा खडा द्या. पुडी बंद केली की चार दिवस रडारड होईल, होऊ द्या. आणि सासूबाई वहीवर स्वतःच जाऊन आणत असतील तर त्यांना बोलू नका, मिस्टरांना बोलायला लावा.

तेलाचं एक बघा. पिशवीवर लिटर लिहिलंय का ग्रॅम, ते वाचून घ्यायचं. लिटरभर तेल 910 ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि हल्ली तेवढीच दिसणारी पिशवी त्याहून कमी ग्रॅमची पण निघते, आपण मात्र लिटर समजून आणतो. आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवलं की हात आपोआप आवरतो, मोठ्या डब्यातून ओतताना कोणाचाच आवरत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या तीन एकरात तूर आहे आणि किराण्याच्या यादीत तूरडाळ 5 किलो आहे! हे एकट्या तुमच्या घरचं नाही, आपल्या यवतमाळ-वर्ध्यात, अमरावतीत घरोघरी हेच चालतं, तूर आली की पोतीच्या पोती मार्केटला आणि जूनपासून डाळ उधारीवर. हिशेब करून बघू. 2025-26 च्या तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये होता, तोच धरू. क्विंटलभर तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते, मशीन चांगली असली तर थोडी जास्त. म्हणजे पूर्ण हमीभाव धरला तरी डाळ तुम्हाला 114 रुपये किलोनं पडली, वर भरडाई. आणि बाजारात व्यापाऱ्यानं 7,000 च दिले तर घरची डाळ 100 रुपयालाच पडते. वहीत डाळीचा काय भाव लावलाय तो याच्याशी ताडून बघा, उधारीचा भाव रोखीपेक्षा वर असतो हे वेगळं सांगायला नको. शिवाय चुनी आणि कोंडा बकरीला होतो, कणीचं वरण होतं, वाया काहीच जात नाही.

महिन्याला 5 किलो म्हणजे वर्षाला 60 किलो डाळ, त्याला एक क्विंटल तूर बाजूला काढली की पाहुणेरावळे धरून वर्ष निघतं. फक्त ती आधी काढायची, गाडी भरायच्या आधी. मागून काढू म्हटलं की निघत नाही, बँकेचा हप्ता असतो, कृषी केंद्राची उधारी असते, तूर दाराशी दिसली की दहा जणांना दिसते.

भरडायचं कसं, हे सासूबाईंना माहीतच असेल. तुरीला पाणी लावून रात्रभर ढीग करून झाकून ठेवायचं, मग दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवायचं की साल सुटायला लागतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे काम उरकून घ्यायचं, ढगाळ दिवसात हात लावायचा नाही. घरी जातं असेल तर ठीक, पण एका क्विंटलला जात्यावर बसायला आज कोणाला वेळ आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाल मिल बऱ्याच गावांत आहे, कुठं बचतगटाच्या बायका चालवतात, तिथं नेऊन भरडून आणा. डाळ पूर्ण वाळलेली असली, एरंडेल तेलाचा हात फिरवून कोठीत भरली आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला की कीड लवकर लागत नाही. पावसाळ्यात कोठी ओल्या हातानं उघडायची नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न: ताई, आमच्या घरी सायबीन होते दरसाली, सारं मार्केटले नेऊन इकतो. पोट्टे म्हणतात सायबीनमध्ये लय ताकद असते. बायको म्हणते ते काई माणसाचं खाणं नोय. खाता येते का नाई, आन खायचं तं कसं, ते सांगा जी.
(एक शेतकरी, मंगरूळपीर)

उत्तर: भाऊ, खाता येतं, आणि तुमचे पोट्टे बरोबर बोलतात, सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात, आपल्या कुठल्याही डाळीपेक्षा जास्त. पण वहिनींचंही सगळंच चूक नाही. कच्चं सोयाबीन दळून खाल्लं तर पचत नाही, पोट बिघडतं, त्यात पचन अडवणारे घटक असतात ते शिजवल्यावरच जातात. म्हणून निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात टाकून वीसेक मिनिटं चांगलं उकळू द्यायचं, पाणी फेकायचं, हातानं चोळून टरफल काढायचं आणि कडकडीत वाळवून गव्हात मिसळायचं. दहा किलो गव्हाला एक किलो पुरे. जास्त घातलं की पोळीला वास येतो आणि मग घरातले सगळे मिळून तुमच्यावरच चढतील. दळण पंधरा दिवसांपुरतंच करा, सोयाबीनमध्ये तेल असल्यानं पीठ खवट होतं.

एक गोष्ट मात्र अगदी कान देऊन ऐका. पेरणीतून उरलेलं बियाणं, औषध लावलेलं, लाल-गुलाबी रंगाचं, ते कितीही धुतलं तरी खायचं नाही, कोंबड्यांनापण टाकायचं नाही. खायचं सोयाबीन आपल्या खळ्यावरचंच, सोंगणी झाली की तेव्हाच पोत्यातून वेगळं काढून ठेवलेलं.

प्रश्न: उन्हाळ्यात भाजीचं काय करावं? बाजारात पावभर गवार, पावभर वांगे आणि दोन भेद्रं (टमाटे) घेतले की शंभराची नोट गेली. रोज बेसन केलं तर मुलं ताट सरकवतात.
(एक गृहिणी, जि. वर्धा)

उत्तर: बाई, उन्हाळ्याची भाजी हिवाळ्यातच करून ठेवायची असते, म्हणून तुमचं पत्र आत्ता आलं ते बरं झालं. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडतात, खुडल्यानं त्याला फांद्या पण जास्त फुटतात. तो पाला धुवायचा नाही, धुतला की त्याची आंबट खार निघून जाते. फवारा मारलेल्या वावरातला मात्र चुकूनही घेऊ नका, 2017 मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. पाला सावलीत कापडावर पसरून वाळवायचा, कुरकुरीत झाला की हातानं चुरून बरणीत भरायचा. वांग्याच्या फोडी, गवार, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीरसुद्धा असंच वाळतं, त्यांना ऊन चालतं. टमाटे जानेवारी-फेब्रुवारीत कवडीमोल होतात तेव्हा चकत्या करून मीठ लावून वाळवा, मे महिन्यात वरणात दोन चकत्या टाकल्या की काम झालं.

आता मे महिन्यातली पाल्याची भाजी. पाच जणांना वाळल्या पाल्याची मोठी मूठ पुरते. अर्धी वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटून घ्या, त्यात पाला आणि पाणी टाकून पाच-सात मिनिटं उकळू द्या. दोन चमचे बेसन किंवा ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून बारीक धारेनं सोडायचं आणि हलवत राहायचं, नाहीतर गाठी होतात. हेच आपलं आळण. फोडणी शेवटी आणि वरून, लोखंडी पळीत तेल चांगलं तापवून आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण लाल होईस्तोवर, मग दोन सुक्या मिरच्या, आणि पळी तशीच भाजीच्या गंजात (पातेल्यात) बुडवायची. एवढ्या भाजीला तेल दोन चमचेच लागतं आणि वास शेजारच्या घरापर्यंत जातो. भाकरीबरोबर खा, भाताबरोबर खा.

बेसनाचं म्हणाल तर रोज तेच घट्ट झुणक्यासारखं केलं तर मुलंच काय मी पण ताट सरकवीन. त्याच पिठाचे एक दिवस डुबुकवडे, म्हणजे तिखट रस्सा उकळत असताना त्यात हातानं पिठाचे गोळे सोडायचे. एक दिवस कढी-गोळे, त्याला भरडलेली डाळ लागते, आणि ताक शेजारून मागून आणलं तरी कोणी नाही म्हणत नाही. रविवारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. आणि पावसाळा लागला की तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी, बांधावर फुकट असते ती तोडून आणा, फक्त जिथं तणनाशक मारलंय तो बांध सोडून. तरोटा कोवळाच घ्यायचा, फुलावर आला की कडू लागतो.

प्रश्न: पाहुणे आले की सासूबाईंना पनीर नाहीतर चिकनच पाहिजे. घरचं वाढलं की म्हणतात लोक नावं ठेवतील. महिन्यातून तीनदा पाहुणे येतात.
(एक वाचक, दर्यापूर)

उत्तर: पातोडीचा रस्सा आणि वडाभात करा, वडाभातावर हिंग-लसणाचं कडकडीत तेल सोडा, सोबत कांदा, ठेचा. नागपूरच्या सावजी हॉटेलात लोक हीच पातोडी पैसे मोजून खातात, हे सासूबाईंच्या कानावर एखाद्या पाहुण्याकडूनच पडू द्या, तुम्ही सांगितलं तर नाही पटणार. चिकन महिन्यातून एकदा ठेवा, ते बजेटमध्ये आधीच धरून, म्हणजे जावई आल्या दिवशी वही उघडावी लागणार नाही. तीनदा येणारे पाहुणे कोण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण माहेरचे नसावेत असं वाटतं.

प्रश्न: कार्डावर धाकट्या मुलीचं नाव नाही, त्यामुळं पाच ऐवजी चारच जणांचं धान्य मिळतं. दुकानदार म्हणतो वरून येत नाही.
(एक वाचक, जि. बुलढाणा)

उत्तर: नाव दुकानात चढत नाही, तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत चढतं. मुलीचा जन्मदाखला, आधार आणि मूळ रेशन कार्ड घेऊन अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी झालंय का तेही तिथंच विचारा, नाहीतर आहे ते नावही अडकतं. एवढं करून हललं नाही तर 1967 वर फोन लावून तक्रार नोंदवा, नंबर टोल फ्री आहे. महिन्याचं 5 किलो म्हणजे वर्षाचं 60 किलो धान्य होतं, त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. जाताना कागदांच्या झेरॉक्स गावातूनच काढून न्या, तहसीलसमोर दुप्पट घेतात.