स्टार्टर पातळ होतोय? आधी वाटी बाजूला ठेवा

स्टार्टर म्हणजे सावरडो ब्रेड फुगवणारं, पीठ-पाणी आंबवून केलेलं विरजण. त्यासाठी पीठ आणि पाणी वाटीने मोजू नका. एका वाटी पाण्याचं वजन वाटीभर पिठाच्या जवळजवळ दुप्पट भरतं, त्यामुळे ‘समसमान’ घेतलं तरी सरबरीत पाणीच होतं. डिजिटल काटा घ्या. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. कालवल्यावर ते इडलीच्या पिठाहून घट्ट हवं, चमच्यावरून संथ ओघळणारं. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून तिला ५-१० ग्रॅम जादा, मैद्याला नको.

सकाळी घट्ट असलेलं संध्याकाळी पातळ झालं, तर मोजमाप चुकलेलं नसतं. मुंबईच्या मे महिन्यात ते भराभर आंबतं, आम्लाने ग्लूटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) तुटतं आणि जाळी बसते. वर साचलेलं करडं पाणी म्हणजे भूक, त्याला नवं पीठ हवं. अशा वेळी १:१:१ चं (स्टार्टर, पीठ, पाणी सारख्याच वजनाचं) प्रमाण पुरत नाही. वरच्या प्रमाणातच पाणी ४० ग्रॅमवर आणा, तेही माठातलं गार. बरणीला स्टार्टरच्या पातळीवर रबरबँड लावा. दुप्पट फुगून माथा सपाट झाला की लगेच वापरा, नाहीतर फ्रिजमध्ये.

आणि पातळ झालेल्यात नुसतं कोरडं पीठ ढकलू नका, आंबटपणा तसाच राहतो. उरलेल्याची धिरडी छान होतात. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली तर मात्र सगळं फेकायचं.