गटातल्या त्या काकांना एक प्रश्न विचार

ताई, मी 26 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी मला बायपोलर, म्हणजे मन कधी अति चढण्याचा तर कधी पार खचण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. गोळ्यांवर सध्या बरी आहे. डॉक्टरांनी आजाराची माहिती देणाऱ्या एका गटात पाठवलं. दोनदा गेले. तिथे एक काका सांगत होते, अकरा वेळा ॲडमिट झालो, नोकरी गेली, संसार मोडला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आई म्हणते, बरी आहेस ना, मग कशाला उकरून काढायचं? जाऊ की नको?
– घाबरलेली

अगं, जा. आणि घाबरलीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अशा गटांत जाऊन आलेले कितीतरी जण सांगतात की पहिल्या दिवशी आजूबाजूला पाहून पोटात गोळाच आला, आपलंही असंच होणार का म्हणून. शेवटी मात्र त्यांच्याच तोंडी असतं, 'मी एकटा नाही हे कळलं.' रात्री तीनला उठून घर आवरणं, खिशात नसलेल्या पैशांची खरेदी, मग महिनाभर अंथरुण न सोडणं, हे दुसऱ्याने सांगितलं की स्वतःबद्दलची शरम जराशी सैल होते. डॉक्टर कितीही चांगले असले तरी हे त्यांच्याकडून मिळत नाही.

त्या काकांना एकदा विचार, पहिल्या-दुसऱ्या वेळेनंतर त्यांना या आजाराबद्दल कुणी नीट समजावलं होतं का? जुने रुग्ण बऱ्याचदा हळहळतात की हे आधीच कळायला हवं होतं. ब्रिटनमध्ये 304 जणांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं शिकवणारा गट आणि नुसता एकमेकांना आधार देणारा गट यांत एकूण फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांना आधी सातपर्यंतच एपिसोड, म्हणजे आजार उसळण्याच्या वेळा, येऊन गेले होते, त्यांना शिकवणाऱ्या गटाचा जास्त फायदा झाला. तू तर सुरुवातीलाच आहेस.

आईला सांग, बरी आहे म्हणूनच जायचं. मेनियात, म्हणजे मन चढलेलं असताना, माणूस एका जागी बसत नाही, डिप्रेशनमध्ये डोक्यात काही शिरत नाही. अशा शिकवणाऱ्या गटावरच्या बार्सिलोनातल्या गाजलेल्या अभ्यासात स्थिर असलेल्यांनाच घेतलं होतं, 21 बैठका, प्रत्येक दीड तासाची. आजार पुन्हा उलटणं त्यानेही पूर्ण थांबलं नाही. पण पुढच्या पाच वर्षांत त्या लोकांचे आजारात गेलेले दिवस सरासरी 154 होते, आणि नुसतं जमून बोलणाऱ्या गटातल्यांचे 586. आयुष्यातलं एक वर्ष वाचलं म्हण ना.

आता तुझ्या त्या रात्रीबद्दल, कारण मला काळजी तिचीच वाटते. झोप मोडणं हा बायपोलरमध्ये परिणामही असतो आणि कारणही. एखादी रात्र भीतीने गेली तर ठीक. पण लागोपाठ दोन-तीन रात्री कमी झोपूनही ताजंतवानं वाटायला लागलं, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन कर. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नकोस. प्रत्येकाच्या धोक्याच्या खुणा वेगळ्या असतात. कुणी भराभर बोलतं, कुणी फोन उचलायचं बंद करतं. तुझ्या कोणत्या, ते आईला विचार. तिने त्या तुझ्याआधी पाहिल्या असतील. घरच्यांसाठी वेगळी बैठक होत असेल तर तिलाही घेऊन जा.

गट चालवणाऱ्यांना बैठकीआधी गाठून सांग की मागच्या वेळी फार घाबरले. तुझ्यावर बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकलंस तरी चालेल. अजून चार बैठकांनंतरही असंच वाटलं, तर हीच माहिती एकटीला समजावून द्या असं डॉक्टरांना म्हण.

– तुझी ताई