पहिली ओळ कोणाच्या नावाची

बेटा,

रविवारी तू गेलीस आणि मग माझ्या लक्षात आलं, तुला मी जेवायचंसुद्धा विचारलं नाही. गणेशपेठहून तुझी शेवटची एसटी होती, तू उपाशी गेली असशील. पण तू लॅपटॉपवर ती तुझ्या सांस्कृतिक केंद्राच्या अंदाजपत्रकाची शीट उघडलीस ना, तिथेच माझं डोकं अडकलं. नंतरचं तुझं बोलणं मी नीट ऐकलंच नाही.

तू विचारायला आली होतीस ते वेगळं. विश्वस्त वीस टक्के कापा म्हणतात, कुठे कापू. वर्षाला आठ कार्यक्रम ठेवू की पाच. आणि दारात चप्पल घालताना हळूच, ‘ताई, हे सोडून पुण्याला एम.ए.ला जाऊ का?’ त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते तुझं तू ठरव. शीटबद्दल मात्र बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझ्या शीटमध्ये चौदा ओळी आहेत. पहिली मांडव आणि साउंडची. मग फ्लेक्स, छपाई. मग नागपूरहून-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रवास, त्यांचं मानधन, त्यांचं राहणं. मग जेवण. बाराव्या ओळीवर ‘स्थानिक कलाकार (सत्कार)’ आणि समोर ३,००० रुपये. वर्षाचे. नऊ माणसांचे. आणि कपात करायची म्हणून तू नेमकी तीच ओळ पिवळी करून ठेवलीस. वर म्हणालीस, ‘ते लोक तसेही प्रेमापोटी येतात.’

मांडववाला प्रेमापोटी येतो का? साउंडवाल्याला कधी शाल देऊन पाठवलंस का? स्वयंपाक करणाऱ्या बाईला नारळ देऊन बघ, दुसऱ्या दिवशी चूल पेटणार नाही. ज्याच्यासाठी हा सगळा मांडव घातला तो एकटा माणूस फुकट, आणि बाकी सगळे रोजाने. ही शीट तू बनवलीस म्हणून मला राग आलेला नाही. अगदी अशीच शीट मी सहा वर्षं बनवली, म्हणून आला.

मी नागपूरजवळच्या कुही तालुक्यात कामाला जायला लागले तेव्हा इतवारीहून नागभीडची छोटी रेल्वे होती. २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तुला ती आठवत असायचं कारण नाही. त्या गाडीत बसून मी वर्षाचं कॅलेंडर आखायचे. दिवाळीनंतर शाळेच्या पोरांसाठी खडीगंमतीची, म्हणजे आपल्याकडच्या डफ-ढोलकीवरच्या लोकनाट्याची कार्यशाळा, ही माझी सगळ्यात लाडकी. शिकवायला गावातलेच एक शाहीर यायचे. डफ हातात घेतला की साठीचा माणूस विशीचा व्हायचा. पोरं त्यांच्याभोवती उभी राहायची. गंमत ‘खडी’ आहे, उभ्यानं करायची, बसून नाही होत, असं त्यांनी सांगितलं की आठवीतली पोरंसुद्धा ताठ व्हायची. त्यांच्यासोबत नागपूरहून एक नाट्यशिक्षक यायचे. त्यांना आम्ही दिवसाचं पाकीट द्यायचो. शाहिरांना शाल आणि श्रीफळ. समारोपाला टाळ्या खूप पडायच्या, आणि मला वाटायचं आपण लोककलेसाठी फार करतोय.

सातव्या वर्षी शाहीर आले नाहीत. दोनदा निरोप पाठवला, मग मी चिडून त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसले होते. शांतपणे म्हणाले, ‘ताई, मंडईच्या टायमाले माही सुपारी रायते. तुमच्याकडं आलो का ते जाते. अन् ढोलकीवाल्याले तर द्याच लागते ना.’

सुपारी म्हणजे पैसे ठरवून घेतलेला कार्यक्रम. पण ते काय म्हणतात ते मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या लेकीनं सांगितलं. कार्यशाळेला ढोलकी आणि तुणतुण्याचे दोन साथीदार यायचे, त्यांचा रोज शाहीर स्वतःच्या खिशातून द्यायचे. सहा वर्षं. भाऊबीजेनंतर आपल्या पूर्वेकडच्या गावांमध्ये मंडया, म्हणजे जत्रा भरतात, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा प्रकार, खडीगंमत, रात्री नाटक. शाहिराची वर्षाची जी काय कमाई असते ती त्याच पंधरा-वीस दिवसांत होते. आम्ही बरोबर त्याच दिवसांत त्यांना बोलवायचो, कारण शाळेला तेव्हा सुट्ट्या आणि आम्हाला ते सोयीचं. म्हणजे आमचा कार्यक्रम तो माणूस चालवत होता, आणि ‘आमच्या केंद्राने लोककलेला आधार दिला’ हे वाक्य वार्षिक अहवालात मी माझ्या हातानं लिहीत होते.

लेकीनं आतून पेटी आणली. सतरा शाली. आमच्या सहा, बाकी इतरांच्या. एकही पांघरलेली नव्हती, काहींची प्लास्टिकची पिशवीसुद्धा तशीच. ती मला टोचून बोलली नाही. घरात जागा होत नाही, म्हणून फक्त दाखवल्या.

याच्या पुढचं मी आजवर दोन-तीन माणसांनाच सांगितलं आहे. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी त्यांचा अर्ज मी भरायला घेतला. आता त्या योजनेत महिन्याला ५,००० रुपये मिळतात. वय पन्नासच्या वर लागतं आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम दाखवावं लागतं. दाखवावं लागतं, बेटा. कागदावर. शाहिरांनी चाळीस वर्षं डफ वाजवला होता आणि त्यांच्याकडे कागद एकच होता, कुठल्याशा मंडळाचं पाणी लागलेलं प्रशस्तिपत्र. मी म्हटलं, काळजी करू नका, आमच्या दप्तरात सहा वर्षांची नोंद आहे. दप्तर काढलं. मांडववाल्याची पावती सहाही वर्षांची होती. नाट्यशिक्षकांचं व्हाउचर होतं. शाहिरांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. शाल घेणाऱ्याची सही कोण घेतं? खर्च टाकला होता ‘सत्कार साहित्य’ म्हणून, दुकानदाराच्या बिलावर. अर्ज पुराव्याअभावी परत आला. दुसऱ्यांदा कागद जमवेपर्यंत उन्हाळा लागला आणि मे महिन्यात ते गेले.

म्हणून सांगते, पहिली ओळ त्यांच्या नावाची लिही. गावातला जो शिकवणार आहे त्याचं नाव आणि रक्कम, शीटच्या पहिल्या ओळीत. मग बाकीचं. पैसे उरले तर मांडव. नाही उरले तर शाळेचा व्हरांडा आहे, देवळाचा सभामंडप आहे, चिंचेखाली सतरंजी आहे.

तू म्हणशील, ताई, हा पैशाचा प्रश्न झाला, मी शिकण्याबद्दल विचारत होते. पोरांना सर्जनशील कसं करायचं, सत्रं कशी आखायची. अगं, हेच शिकणं आहे! कार्यशाळेत पोरं डफ शिकतात की नाही ते राहू दे, पण पाकीट कोणाला मिळालं ते प्रत्येक पोराला माहीत असतं. पाकीटवाला तो मास्तर, शालवाला तो आपल्या गावचा म्हातारा. घरी जाऊन ते हेच सांगतात. त्याच्यावर तू कितीही छान खेळ घे, कितीही चार्ट पेपर लाव, हा धडा पुसला जात नाही.

सेवाग्राम तुझ्या-माझ्यापासून काही लांब नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. हस्तोद्योगातून शिकवायचं, हे आपण सगळे भाषणात सांगतो. त्याच ठरावात आणखी एक अपेक्षा होती: हळूहळू या शिक्षणातूनच शिक्षकाचा मोबदला निघावा. त्यावर तेव्हाही वाद झाले, आजही होतील. पण उद्योग शिकवणाऱ्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न त्या लोकांनी पहिल्याच बैठकीत टेबलावर घेतला होता. आपण हस्तोद्योग उचलला, चार्टवर लिहिला आणि मोबदल्याचं सोडून दिलं.

शाहीर गेल्यानंतरच्या वर्षी मी तान्ह्या पोळ्याआधी, म्हणजे पोरांच्या पोळ्याआधी, लाकडी नंदी बनवायचं शिबिर ठेवलं. शिकवायला गावचे सुतार. त्यांना विचारलं, तुमचा रोज किती? त्यांनी सांगितला त्यात मी घासाघीस केली नाही, आणि नागपूरहून आलेल्या चित्रकाराला जेवढे दिले तेवढेच त्यांनाही दिले, पोरांसमोर, सही घेऊन. सुतारकाका दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून आले आणि सोबत स्वतःची पटाशी, रंधा, सगळी हत्यारं घेऊन आले. पहिल्या दिवशी ती घरी ठेवली होती, पोरं मोडतील म्हणून. त्या दिवसापासून त्यांनी पोरांना लाकडाचे उभे-आडवे तंतू कसे ओळखायचे ते शिकवलं. हे आमच्या सत्राच्या आराखड्यात नव्हतं, आमच्यापैकी कोणाला माहीतच नव्हतं.

आता माझ्याबद्दल तू बाहेर जे ऐकलं असशील त्याबद्दल. माझ्या हट्टापायी केंद्राचा वार्षिक महोत्सव बंद पडला, असं लोक सांगतात. खरं आहे. मांडव आणि रोषणाईला साठ हजार आणि दंडारीच्या चौदा माणसांच्या अख्ख्या संचाला नुसतं जाण्या-येण्याचं भाडं, असा हिशेब समोर आला तेव्हा मी सही केली नाही. एक देणगीदार निघून गेला. सोबतच्या दोघांची नोकरी त्याच वर्षी गेली, त्यातली एक मैत्रीण अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं दुःख मला कळतं. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. पण ‘तुम्ही कलेला भाव लावता’ असं त्या बैठकीत मला ऐकवलं गेलं, ते मला आजही मान्य नाही. भाव आधीपासून लागलेला होता, शून्याचा. तो फक्त मी खोडला. मी थोडं नमतं घेतलं असतं, एक वर्ष आणखी शालीवर काढलं असतं, तर महोत्सव वाचला असता का? कदाचित. मी सात वर्षं हे मनात घोळवते आहे आणि दर वेळी त्याच ठिकाणी येते: आणखी एक वर्ष म्हणजे पेटीत आणखी चौदा शाली.

असो. तुझ्या वीस टक्क्यांचं. आठाचे पाच कार्यक्रम कर, बिनधास्त. फ्लेक्स काढून टाक, कुहीत कोणी फ्लेक्स वाचून येत नाही, दवंडी आणि शाळेतला निरोप पुरतो. दोन पाहुण्यांऐवजी एक आण. फेब्रुवारीतल्या कार्यशाळेला पहिल्या दिवशी चाळीस आणि तिसऱ्या दिवशी सात पोरं का उरली, असं तू रडवेली होऊन विचारलंस. मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची निवडायची आवारं, सुरू होते ना तेव्हा! आया देठं खुडायला गेल्या की मोठ्या पोरी लहानग्यांना सांभाळायला घरी. तारीख ठरवायच्या आधी एकदा गावात बसली असतीस तर पहिल्याच बाईनं सांगितलं असतं. रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसात ठेवशील तर सातसुद्धा येणार नाहीत. यात तुझ्या शिकवण्याचा काही दोष नाही, यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

पण पहिली ओळ कापायची नाही. ती तीन ओळींची कर. शिकवणारा वेगळा, साथीदार वेगळे, आणि सरावाचे दिवस वेगळे, कारण सराव म्हणजेही रोज बुडतो. आपल्या सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तुला माहीत आहे. तिथल्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला महिन्याला ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिकणाऱ्यालाही १,५०० रुपये, असे वेगवेगळे धरलेले असतात. रक्कम थोडी आहे, मान्य. पण ढोलकीवाल्याची स्वतःची ओळ आहे. विश्वस्तांनी विचारलं तर हे दाखव. सरकारला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये, असं माझ्या नावानं सांग.

पैसे कार्यक्रमाच्या दिवशीच, जेवणाच्या आधी. ‘बिल पास झालं की खात्यात टाकतो’ हे वाक्य गावातल्या माणसाला बोलायचं नाही, त्यानं ते आयुष्यभर ऐकलेलं असतं. रोख दिलेस तर व्हाउचरवर सही घे, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लाव. आणि दर वेळी लेटरहेडवर तारखेसह लिहून दे: अमुक यांनी आमच्या केंद्रात इतके दिवस खडीगंमत शिकवली. एक प्रत त्यांना, एक फाइलला. शाल द्यायचीच असेल तर नंतर दे, हवी तर चांगली सुती दे. पाकिटाच्या जागी देऊ नकोस.

तू म्हणालीस, रक्कम विचारायला लाज वाटते, ते वयानं मोठे आहेत. मग ‘तुमची सुपारी किती असते?’ असं विचार. त्यांच्या धंद्यातला साधा प्रश्न आहे, त्यांना तो रोज विचारला जातो. लाज आपल्याला वाटते, कारण देण्याचा आपला इरादा नसतो. तुला राग आला असेल तर येऊ दे. मला कोणी हे सहा वर्षांआधी असं तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नवी शीट बुधवारपर्यंत पाठव. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा दुपारीच ये, भरल्या वांग्याची भाजी करते, जेवून जा.

शाहिरांची लेक आता त्याच गावात शिलाई करते. आवाज अगदी बापाचा आहे, घरात गुणगुणते, बाहेर गायला उभी राहत नाही. तू यंदा तिला विचारायला जा, सुपारी विचारून. माझं नाव काढायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तिनं विचारलं तर खोटं बोलू नकोस.

तुझी,
ताई