बायबलचं वचन कळतं पण पाळवत नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या विश्वासणाऱ्यांचा हा प्रश्न फार कॉमन आहे. रोज बायबल वाचतो, प्रार्थना करतो, चर्च चुकवत नाही, पण एक गोष्ट देव सांगतोय हे पक्कं माहीत असूनही ती काही केल्या होत नाही, आणि मग माणूस स्वतःलाच खायला लागतो की मी ढोंगी आहे का. आज एका ताईंबद्दल लिहितेय, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पन्नाशीच्या. माहेर नगर जिल्ह्यातलं, आता पुण्यात असतात. संडे स्कूल शिकवतात, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, वेळच्या वेळी, लेंटमधे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, चाळीस दिवस उपास. आणि धाकट्या भावाशी, भावजयीशी बोलणं पूर्ण बंद. वडिलांनी घर भावाच्या नावावर केलं त्यावरून वाजलं होतं. माझ्याकडे आल्या त्या मात्र वेगळ्याच कारणाने, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा रविवार आला की छातीत धडधड व्हायची, डॉक्टरांनी तपासलं तर काही निघालं नाही, मग हळूहळू त्या नेमक्या त्याच रविवारी काहीतरी कारण काढून घरी थांबायला लागल्या.

कुठलं वचन टोचतं विचारलं तर लगेच म्हणाल्या, मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पाठच होतं त्यांना, मुलांना शिकवलेलं.

मी त्यांना एवढंच सांगितलं की हे वचन कानावर पडलं की मनात पहिलं वाक्य काय येतं ते जसंच्या तसं लिहून आणा, चांगलं करून लिहू नका. त्यांनी आणलेला कागद असा होता: "हो, पण सुरुवात त्यांनी केली." "हो, पण मी मोठी, मी का वाकू." "हा पाळक (चर्चचा पास्टर) कालचा पोरगा, मुद्दाम माझ्याकडे बघून बोलला." "मुलगा म्हणतो मामाला फोन कर, त्याला काय कळतंय."

बघा यात वचन खोटं आहे असं एकही वाक्य नाही. देवावर शंका नाही. विश्वासाचा प्रॉब्लेम नव्हताच, अडलं होतं ते आधीच तयार असलेल्या वृत्तीवर, मी बरोबर आहे, आणि मला सांगणारा माझ्या तोडीचा पाहिजे. आपण लोकांना आणखी वाचा, आणखी प्रार्थना करा एवढंच सांगत राहतो, त्याने अशा माणसाच्या मनावरचं ओझं फक्त वाढतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आम्ही बायबलमधल्या '२ राजे' या पुस्तकाचा अध्याय ५ उघडला. नामान, अरामाचा सेनापती, मोठा माणूस पण अंगावर कोड. अलीशा संदेष्ट्याच्या दारात रथ घोडे घेऊन गेला, आणि अलीशा बाहेर सुद्धा आला नाही, निरोप्या पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकलाच. त्याने मनात चित्र रंगवलेलं, संदेष्टा स्वतः येईल, उभा राहील, देवाचं नाव घेईल, हात फिरवेल. आणि नद्याच म्हटलं तर दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर काय वाईट आहेत? बरं व्हायचं तर होतंच त्याला, पण त्याने ठरवलेल्या पद्धतीने. शेवटी चाकर म्हणाले, संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतंत ना, मग एवढं साधं का नाही? आणि या गोष्टीत त्याला मार्ग दाखवणारी सगळी माणसं बघा, आधी घरातली इस्राएली दासी, मग निरोप्या, मग चाकर. एकही त्याच्या तोडीचा नाही.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चाळीस दिवस उपास मला जमतो, आणि एक फोन जमत नाही." हे त्यांचं त्यांनाच दिसलं, मी सांगितलं असतं तर त्या कागदावर पाचवं 'हो, पण' आलं असतं.

त्यांना भीती अशी होती की मनात राग असताना फोन करणं म्हणजे ढोंग. हा मुद्दा खरा आहे, योना संदेष्टा देवाने पाठवलं तेव्हा आधी पळाला, शेवटी निनवे शहरात गेला पण तिथले लोक वाचले म्हणून रुसून बसला, लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला मोठा मुलगा बापाला मी तुमची आज्ञा कधी मोडली नाही म्हणतो आणि भाऊ परत आला तर घरात पाऊल टाकत नाही. नुसतं पाळणं पुरेसं नाहीच. पण राग पूर्ण जाईपर्यंत थांबायचं तर बहुतेक जण मरेपर्यंत थांबतील. राग आहे तो देवाला आहे तसा सांगायचा आणि फोन उचलायचा, दोन्ही एकत्र चालतं. आणि पाळता येत नाही याची तळमळ वाटते म्हणजे विश्वास मेलाय असं होत नाही, रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात प्रेषित पौल सुद्धा लिहितो की जे करायचंय ते माझ्याकडून होत नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हे सगळं ज्या घरात मारहाण होते, छळ होतो तिथे लावू नका. तशा बाईला वचन दाखवून परत त्याच घरात पाठवणं हा वचनाचा गैरवापर आहे, तिला आधी सुरक्षित जागा पाहिजे. आणि समेट म्हणजे हक्क सोडणं पण नाही, ताईंचं वाटणीचं बोलणं वकिलामार्फत चालू आहे आणि त्यात काही चूक नाही.

फोन त्यांनी केला. काय बोलायचं ते आम्ही आधी ठरवलेलं, घराचा विषय काढायचा नाही, कोण चुकलं ते नाही, फक्त माझ्या बोलण्याने तुम्ही दुखावलात त्याबद्दल माफी. भाऊ 'बरं' म्हणाला आणि भावजयीकडे फोन दिला, तीही तुटकच बोलली. ताईंना वाईट वाटलं पण त्या खचल्या नाहीत, आपल्या वाटचं केलं म्हणाल्या. प्रभुभोजनाला जातात आता, धडधड कमी झालीये, अजून कधीकधी होते.

सध्या आमचं बोलणं वडिलांवरच्या रागावर चाललंय, जो इतकी वर्षं भावजयीच्या नावावर जमा होत होता. वडील आता नाहीत, त्यामुळे त्यांना फोन करता येणार नाही, आणि हे काम जास्त वेळ घेणार हे ताईंनाही माहीत आहे.