गाडी पन्नास लाखांची, चाकं कुठली घालू?

शोरूममधून आलेली चाकं साधी वाटतात, मोठी घालायची आहेत. गेल्या काही आठवड्यांत आलेले बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात. त्यांतले सहा निवडले आहेत, पत्रं जरा छाटून.

प्रश्न : माझी २०१९ ची बीएमडब्ल्यू ५ सिरीज आहे. १८ इंची चाकं कमानीत हरवल्यासारखी दिसतात. २० इंची घालू का? दुकानदार म्हणतो बाहेरचा व्यास तोच राहतो, काही फरक पडत नाही. (एक वाचक, नाशिक)

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. तुमच्या टायरवर २४५/४५ आर १८ असं लिहिलेलं असणार. रुंदी २४५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर. २० इंचाला व्यास तोच राखायचा तर २४५/३५ घ्यावा लागतो आणि तिथे ही उंची ८६ वर येते. पूर्ण व्यास आधी ६७८, आता ६७९.५. स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. पत्ता लागेल तुम्हाला, जुलैमध्ये, मुंबई-नाशिक हायवेवर.

हाताची चार बोटं आडवी धरून बघा. साधारण तेवढंच रबर रिम आणि खड्डा यांच्यामध्ये उरतं. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायरची भिंत रिमच्या ओठात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. फुग्याला दुरुस्ती नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: आकड्यांनंतरचा छोटा आकडा. १८ इंचीवर तो बहुधा १०० असतो, म्हणजे एका टायरला ८०० किलो झेपतात. २० इंचीवर ९५ असतो, म्हणजे ६९०, तेही हवा पुरेपूर भरली तर. बीएमडब्ल्यूने परदेशात याच गाडीला २० इंची चाकं दिलेली आहेत, त्यामुळे गाडी मोडेल वगैरे काही नाही. पण हाताशी असलेली शिल्लक कमी होते, आणि ती राखायला हवा जास्त ठेवावी लागते. आधीच कडक झालेली गाडी आणखी कडक.

माझं मत विचाराल तर १९ इंच घ्या, २४५/४० आर १९. भिंत ९८ मिलिमीटर राहते आणि कमानीतली पोकळीही बरीच भरते. चारही चाकं एकाच मापाची घ्या. मागे रुंद, पुढे अरुंद अशी जोडी दिसते छान, पण मग पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत. आणि माप कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्यांपैकीच निवडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. नवी चाकं बसली की विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर आधी चाकांकडेच बोट दाखवतो.

प्रश्न : मर्सिडीज सी-क्लाससाठी ५ सिरीजची वापरलेली १८ इंची चाकं स्वस्तात मिळताहेत. दोन्हींचा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) ५×११२ आहे, म्हणजे पाच भोकं, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोकही जुळतं. मग अडचण काय? (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही अभ्यास केलाय, पण दोन प्रश्न बाकी आहेत. पहिला बोल्टचा. बीएमडब्ल्यूच्या रिममधली बोल्टची बैठक शंकूसारखी असते, मर्सिडीजचा बोल्ट गोल डोक्याचा, चेंडूच्या आकाराचा. गोल डोकं शंकूत बसवलं तर ते पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतं. माझ्याकडे एक गाडी ‘ब्रेक मारला की टक् आवाज येतो’ म्हणून आली होती. चाक काढलं, बैठकीवर मार्करची शाई फासली, तोच बोल्ट पुन्हा आवळून काढला. शाई फक्त केसाएवढ्या कड्यात पुसली गेली होती, बाकी सगळी तशीच. ती गाडी त्या अवस्थेत दोन महिने कुटुंबाला घेऊन फिरत होती.

नियम सोपा आहे: आटे गाडीप्रमाणे, डोकं रिमप्रमाणे. तुमच्या गाडीचे आटे एम१४×१.५ (बोल्टची जाडी १४ मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.५), बीएमडब्ल्यूचे एम१४×१.२५. म्हणजे ना तुमचे बोल्ट चालणार, ना चाकांबरोबर आलेले. एम१४×१.५ आट्यांचे, शंकूच्या डोक्याचे वेगळे घ्यावे लागतील.

दुसरा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे चाक गाडीला जिथे टेकतं ती बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे त्याचा. रिमवर तो ‘ईटी’ म्हणून कोरलेला असतो; आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. ५ सिरीजचं आठ इंच रुंद चाक ईटी ३० चं असतं. सी-क्लासचं पुढचं १८ इंची चाक साडेसात इंच रुंद, ईटी ४४ च्या आसपास. हिशोब मांडा: ऑफसेटमुळे १४ मिलिमीटर आणि रुंदीमुळे सहा, असं वीस मिलिमीटर चाक बाहेर येतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे तीन माणसं बसवून एखाद्या पार्किंगच्या उतारावर गाडी घ्या. मडगार्डच्या अस्तराला घासल्याचा आवाज येण्याची शक्यता दाट आहे. बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. बोल्टचा प्रश्न पैशाने सुटतो, हा सुटत नाही. घेऊ नका.

प्रश्न : रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकावेत का? (एक वाचिका, ठाणे)

रन-फ्लॅटची भिंत जाड असते. हवा पूर्ण गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालते. किंमत म्हणून रोजचा प्रवास कडक होतो, आणि टायरही महाग पडतो. तुमचं जाणं-येणं ठाणे ते बीकेसी असेल तर साधे टाका, चारही एकदम. सोबत हवेचा छोटा पंप, सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि चाकातल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा चालू असली पाहिजे. ही सोय असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, असं २०२० पासून नियमातच आहे.

पण रात्री-बेरात्री कोकणात उतरत असाल तर रन-फ्लॅट राहू द्या. भिंतीला काप गेला की सीलंट उपयोगाचं नाही, आणि कशेडीच्या आसपास रात्री दोन वाजता तुमच्या मापाचा टायर कोण देणार?

जाता जाता: कंपनीच्या मान्यतेचे टायर घेतलेत तर भिंतीवर खूण असते. बीएमडब्ल्यूला चांदणी, मर्सिडीजला ‘एमओ’, ऑडीला ‘एओ’. ‘एमओई’ म्हणजे मर्सिडीजचा रन-फ्लॅट. काहींच्या पोटात आवाज कमी करायला स्पंज चिकटवलेला असतो. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने असा टायर पहिल्यांदा उघडला तेव्हा मला फोन करून म्हणाला, “साहेब, ह्यात कोणीतरी गादी घातलीय.” पंक्चर काढताना तेवढ्या भागातला स्पंज कापावा लागतो, अख्खा ओरबाडून काढू देऊ नका.

प्रश्न : समृद्धीवर टायर फुटतात म्हणून नायट्रोजन भरावा का? (एक वाचक, नागपूर)

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलात तर तोटा नाही, पण टायर फुटण्याचं कारण बहुतेक वेळा हवा कमी असणं हेच असतं. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबण्यातून उष्णता होते. ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा रस्ता, १२० ची मर्यादा, मे महिना. त्या उष्णतेला उसंत मिळत नाही. गावातल्या रस्त्यावर सिग्नल तरी लागतात.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी बघा. किती ठेवायची ते पंपावरच्या पोराला विचारू नका. बीएमडब्ल्यूत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, मर्सिडीजमध्ये इंधनाच्या झाकणामागे तक्ता असतो, आणि त्यात भरलेल्या गाडीचा रकाना वेगळा असतो. शिर्डीला सहकुटुंब निघालात तर तो रकाना बघा. वाटेत थांबल्यावर प्रेशर चार-पाच पीएसआय वाढलेलं दिसेल. ते गरम झाल्याने आहे, हवा काढू नका.

आणि वय बघा. भिंतीवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. महागड्या गाड्या घरातली दुसरी-तिसरी गाडी असतात, कमी फिरतात. नक्षी दिसते नवी, रबर झालेलं असतं म्हातारं. मला समृद्धीवर खरी भीती अशा गाड्यांची वाटते.

प्रश्न : ऑडी क्वात्रोचा एक टायर फुटला, बाकी तीन निम्मे झिजलेत. एकच बदलला तर? (एक वाचक, संभाजीनगर)

नको. नवा टायर मोठा, त्यामुळे त्याचे फेरे कमी. क्वात्रो म्हणजे ऑडीची फोर-व्हील ड्राइव्ह; तिची यंत्रणा हा फरक चाक घसरल्यासारखा समजून सतत सावरत राहते. चारही बदला. चांगले उरलेले तीन विकून टाका, गिऱ्हाईक मिळतं.

प्रश्न : नामांकित फोर्ज्ड रिमची हुबेहूब कॉपी एक-चतुर्थांश किमतीत मिळते. डिझाइन तेच असेल तर काय हरकत? (एक वाचक, पुणे)

डिझाइन तेच असतं, धातू तो नसतो. फोर्ज्ड रिम अॅल्युमिनियमचा अख्खा गोळा प्रचंड दाबाखाली घडवून होतं; कॉपी साच्यात ओतलेली असते. फोर्ज्ड रिम खड्ड्यात वाकतं, ओतलेलं तडकतं. तडा जातो आतल्या बाजूला, जिथे तुम्ही कधी बघत नाही, आणि हवा रोज दोन पीएसआय उतरत राहते. पंक्चर सापडत नाही म्हणून लोक टायर बदलतात!

बजेट फोर्ज्डचं नसेल तर लाज नको. फ्लो-फॉर्म्ड म्हणून मधला प्रकार मिळतो: चेहरा ओतीव, पण पट्टा रोलरने ताणून मजबूत केलेला. अनोळखी डिझाइनचं, पण आतल्या बाजूला भारक्षमतेचे किलो आणि जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण कोरलेलं चाक मी नामांकित कॉपीपेक्षा केव्हाही घेईन. खूणही खोटी कोरता येते, म्हणून बिल देणाऱ्याकडूनच घ्या. बसवताना एअर गनने आवळून सोडू देऊ नका, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) मागा. अलीकडच्या बीएमडब्ल्यूला १४० न्यूटन-मीटर, बाकीच्यांचं पुस्तिकेत बघा. आणि शंभर किलोमीटरच्या आत परत जाऊन बोल्ट पुन्हा तपासून घ्या. त्याचे पैसे कोणी घेत नाही.