क्वेरसेटिन सुरू करताय? आधी एवढं बघा

अंगावर पित्त उठण्याच्या त्रासासाठी क्वेरसेटिन (कांदा, सफरचंदात असणारं वनस्पतिजन्य द्रव्य) आणि व्हिटॅमिन सी घेणार असाल, तर दोन्ही सप्लिमेंट एकदम सुरू करू नका. अंगावर पित्त उठलं तर दोष कुणाचा, कळणारच नाही. क्वेरसेटिनची २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून आधी पाव भागच घ्या, आठवडाभर नोंद ठेवा, मग वाढवा. कधीकधी त्रास कॅप्सूलमधल्या रंगाचा किंवा भरावाचा असतो, म्हणून लेबलवरची बारीक अक्षरंही वाचा. व्हिटॅमिन सी साधी पावडर बरी. संत्र्यांवर भागवू नका (नागपुरात हे सांगणं जिवावर येतं!), आंबट फळांनी काहींना उलट जास्त खाज सुटते. मुतखड्याचा त्रास असेल तर व्हिटॅमिन सीचा मोठा डोस नकोच. मे महिन्यात ४५ अंशांत नवा प्रयोग टाळा, ऊन स्वतःच पित्त उठवू शकतं. अँटीहिस्टामिन (ॲलर्जीची गोळी) मनाने सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर क्वेरसेटिन डॉक्टरांना विचारूनच. घसा आवळला तर थेट इमर्जन्सी गाठा.