भावांचा तक्ता मोबाइलवर नीट सरकेना

प्रश्न : लातूर, उदगीर, जालन्याच्या सोयाबीन-तुरीच्या भावांचा तक्ता वेबसाइटवर टाकला. मोबाइलवर अख्खं पानच आडवं सरकतं, शीर्षकाची ओळही वर निघून जाते. काय करावं?
– एक वाचक, औसा

उत्तर : पान नव्हे, तक्ताच सरकला पाहिजे. तो एका डिव्हमध्ये (पानाच्या कोडमधल्या चौकटीत) घालून डिव्हला ‘ओव्हरफ्लो: ऑटो’ हा सीएसएसचा (मांडणीचा) नियम द्या, म्हणजे मजकूर मावला नाही तर ती चौकटच सरकते. शीर्षकाची ओळ वर चिकटून राहावी म्हणून तिला ‘पोझिशन: स्टिकी, टॉप: 0’ दिलं तरी पुष्कळदा ती चिकटत नाही, कारण स्टिकी आता पानाला नव्हे, त्या डिव्हला धरतं. म्हणून डिव्ह स्वतःच उभा सरकावा यासाठी त्याला ‘मॅक्स-हाइट: 70 व्हीएच’ (पडद्याच्या उंचीच्या 70 टक्के) हवीच. बाजारपेठेच्या नावांचा रकानाही ‘पोझिशन: स्टिकी, लेफ्ट: 0’ने रोखा आणि त्याला पार्श्वरंग द्या, नाहीतर सरकणारे आकडे त्याखालून दिसतात. उजव्या कडेचा रकाना मुद्दाम अर्धवट दिसू द्या. पुढे अजून आहे हे शेतकऱ्याला लगेच कळतं.